दोन यमुना, एक थेंब

तुम्ही माझ्या भावाचे कान घेतलेत. आणि वर म्हणालात, आम्ही घेतलेच नाहीत, कारण आमच्या कागदावर ते शाबूत आहेत.

तुमच्या कारणे दाखवा नोटिशीला माझं उत्तर इथून सुरू होतं. नोटिशीत विचारलंय, नऊ फेब्रुवारी २०४४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रामीण रुग्णालयातल्या औषध-कपाटाचा राखीव कप्पा का फोडला, कुणाच्या परवानगीनं फोडला आणि बाहेरच्या इसमाला आत का घेतलं. उत्तर 'थोडक्यात व मुद्देसूद' द्या म्हणता. थोडक्यात जमणार नाही. तुम्हीही जे केलंत ते थोडक्यात केलेलं नाही.

मी वनिता खोत. वय सत्तेचाळीस, परिचारिका, चोवीस वर्षं नोकरी. माहेरची मगदूम. ज्याला तुम्ही 'बाहेरचा इसम' म्हणता तो माझा धाकटा भाऊ, शशिकांत सदाशिव मगदूम. बोअरच्या मोटरी दुरुस्त करतो. करायचा.

आधी कान कसा जातो ते सांगते. तुमच्या कक्षात ते सगळ्यांना माहीत असेल असं धरून चालायची माझी तयारी नाही. मीही ते कुठल्या कॉलेजात शिकले नाही. भाऊ बहिरा झाल्यावर शिकले.

आपल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात. पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. पेशीला लागणारी शक्ती तिथं तयार होते. या चुलींचा डीएनए वेगळा असतो, साडेसोळा हजार अक्षरांची एक छोटी गोल साखळी, आणि ती फक्त आईकडून येते. बापाच्या चुली बीजाबरोबर येतात तेवढ्या आत आल्या आल्या विझवल्या जातात. म्हणजे माझ्यात आहे ती साखळी माझ्या आईची, तिच्या आईची, तिच्याही आईची. भावातही तीच. फक्त तो ती पुढं देत नाही, मी देते.

या साखळीत पंधराशे पंचावन्नाव्या जागी एक अक्षर काही घराण्यांत बदललेलं असतं. एवढ्यानं काही होत नाही. माणूस खातो, पितो, लग्न करतो, कुणाकुणाला म्हातारपणी जरा कमी ऐकू येतं. पण जेंटामायसिनच्या कुळातली औषधं जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखाना शोधतात आणि तो अडवतात. आपल्या चुलींतही तसाच एक कारखाना असतो, पण त्याची घडण निराळी असते, म्हणून औषध त्याला सोडून देतं. ते एक अक्षर बदललं की आपला कारखाना जंतूच्या कारखान्यासारखा दिसायला लागतो. औषधाची काही चूक नाही. त्याला शत्रूच दिसतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारख्या पेशी असतात, त्या आधी मरतात. मेलेल्या पुन्हा येत नाहीत. कधी एक सुईही पुरते. दुखत नाही.

पूर्वी ही औषधं मागं पडली होती. मग गेल्या दहा वर्षांत नवी औषधं जंतूंना बाधेनाशी झाली आणि जुनी परत काढावी लागली. आता ताप आला की पहिला कप्पा जेंटाचाच. म्हणून कुणाला ती चालतात नि कुणाला नाही हे आधी माहीत असणं भाग होतं. इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. मी ते मान्य करते.

पुढं तुम्ही शहाणपणा केलात. साखळी आईकडून जशीच्या तशी येते, तर प्रत्येकाला कशाला तपासा? घरातल्या एका म्हातारीचा थेंब घ्या. तिची मुलं, तिच्या मुलींची मुलं, त्यातल्या मुलींची मुलं, सगळ्यांचा निकाल यंत्र आपोआप काढेल. योजनेचं नाव 'मातृसूत्र'. जाहिरातीत वाक्य होतं, 'एक थेंब, चार पिढ्या'. प्रत्येकाला एक कार्ड, हिरवं किंवा तांबडं. दवाखान्यात कार्ड कपाटाला लावायचं, ज्याला जे चालतं त्याचाच कप्पा उघडेल. हिरव्याला जेंटाचा, तांबड्याला राखीव. कुलूप उघडायचा अधिकार ना डॉक्टरला, ना नर्सला.

शास्त्र पक्कं होतं. आई कोण, हे तेवढं तुम्ही रेशन कार्डावरून घेतलंत.

आता आमच्या घरची रीत ऐका. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात, हे तुम्हाला माहीत असेल. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मगदुमांच्या घरात थोरल्या सुनेचं नाव ठरलेलं, यमुना. का, ते कुणालाच माहीत नाही. माझ्या वडिलांनी ताटात यमुना लिहिलं, ती माझी आई. मी चार वर्षांची आणि शशिकांत आठ महिन्यांचा असताना ती काविळीनं गेली. सहा महिन्यांनी वडिलांनी पुन्हा ताट मांडलं आणि पुन्हा यमुना लिहिलं. घरात यमुना पाहिजे. नव्या बाईला कुणी विचारलं नाही, तिनंही विचारलं नाही. रेशन कार्डावर काही बदलावं लागलं नाही. यमुना सदाशिव मगदूम होती, यमुना सदाशिव मगदूम राहिली.

आम्हाला तिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. आम्ही तिला आई म्हणतो. गेलेल्या बाईला घरात 'थोरली' म्हणायचे, तेही क्वचित.

२०३९ च्या श्रावणात तुमचा माणूस आमच्या दारात आला. गळ्यात पट्टा, हातात टॅब. अंगणात आई बेदाणा निवडत बसली होती, शेजारच्या चार बायका होत्या. मी त्या दिवशी माहेरी आलेली. त्यानं आईच्या बोटातून थेंब घेतला, यंत्रात घातला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"यमुना सदाशिव मगदूम. मुलं दोन. वनिता आणि शशिकांत. तुमचीच ना, आजी?"

आईनं निवडायचं थांबवलं नाही. "माझीच की. मग काय शेजारणीची?"

बायका हसल्या. तो पण हसला. "तसं न्हवं, विचारावं लागतंय."

"विचार बाबा. ल्हान हुता तवा ह्यो शश्या रातभर माझ्या पोटावर झोपायचा. लिही त्यात."

मी तिथं उभी होते. परिचारिका आहे, योजनेचं प्रशिक्षण माझंही झालं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ही आमची सावत्र आई. पण जवळजवळ चाळीस वर्षं आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला नव्हता, आणि चार बायकांसमोर तिच्या तोंडावर तो मारायचा, हे माझ्यानं झालं नाही. म्हटलं, नंतर कार्यालयात जाऊन सांगू. मग विसरले. खरंच विसरले. ती माझी आई आहे हे मला इतकं खरं वाटत होतं की ते रक्तालाही खरं असेल, असंच मनानं धरलं.

ही माझी चूक. लिहून घ्या. लपवत नाही.

थेंब निर्मळ निघाला. आम्हा तिघांना हिरवी कार्डं आली. शशिकांतला, मला आणि माझ्या मुलीला, अन्वीला.

२०४३ च्या मार्चमध्ये शशिकांतला ताप भरला. लघवीवाटे जंतू मूत्रपिंडात गेले होते. त्याला आमच्याच दवाखान्यात घेतलं. मी कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, पहिला कप्पा उघडला. मी औषध भरलं.

"आक्का, सुई बारकी बघ," तो म्हणाला. "तुझा हात म्हंजे म्हशीला टोचल्यागत."

"म्हैस तरी गप उभी राहती."

"तिला पगार न्हाई, म्हणून."

मी टोचलं. रोज एक, पाच दिवस. पाचही माझ्या हातानं. दुसरी सिस्टर होती, पण त्याला मीच लागायचे.

ताप उतरला, घरी गेला. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन त्याच्या शेडवर गेले. एक मोटर टेबलावर जोडलेली होती. मोटरीचं बेअरिंग गेलंय का ते तो कानानं ओळखायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडावर धरायची. आसपासच्या सात गावांत त्याला त्यासाठी बोलवायचे. मी गेले तेव्हा तो तसाच वाकून होता. मोटरीचा एवढा आवाज होता की मला ओरडून बोलावं लागलं असतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, जसं घरात कुणी झोपलेलं असताना विचारतात.

"आक्का, ही चालू हाय का बंद?"

मी मान हलवली. चालू.

त्यानं मोटरीवर हात ठेवून पाहिलं. थरथर लागली असणार. हात काढला, पुन्हा ठेवला. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि डबा उघडून जेवायला बसला. मीही बसले. त्या वेळी मला काही झालं नाही. आजही नीट काही होत नाही. आमटीत मीठ कमी होतं, एवढं आठवतं.

तुमच्या समितीपुढं त्याला नेलं. टेबलापलीकडं तिघं होते. मधल्यानं कार्ड पाहिलं.

"कार्ड हिरवं आहे."

"हो साहेब, पण ते चुकीचं..."

"मग औषधानं झालेलं नाही. हिरव्या कार्डाला औषधानं होत नाही. मोटरीच्या आवाजात काम करतात ना? त्यानं झालं असेल. किंवा व्हायरस."

"साहेब, त्याचं रक्त एकदा तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे."

"निकाल सूत्रात उपलब्ध असताना स्वतंत्र तपासणी करता येत नाही. दुबार नोंद होते."

बाहेरच्या लॅबमध्ये गेले. त्यांनी कार्डाचा नंबर टाकला, पडद्यावर 'निकाल उपलब्ध' आलं आणि यंत्रानं नमुनाच घेतला नाही. कानात बसवायच्या यंत्राच्या यादीत नाव घालायला गेले. औषधानं बहिरा झालेल्यांची यादी वेगळी, ती लवकर सरकते. शशिकांतचं कार्ड हिरवं, म्हणून तो दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीत साडेचार वर्षं.

मग मी दुरुस्तीचा अर्ज केला. तीन कार्डांचा. अर्जात रकाना होता, 'जैविक आईचे विवाहापूर्वीचे नाव'. मला ते माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. वडील वारलेले. थोरलीच्या माहेरी गेले. तिथं घर नव्हतं, तीन भाऊ तीन गावांना गेलेले, द्राक्षबाग दुसऱ्याची. पलीकडच्या घरात एक म्हातारी भेटली, पंच्याण्णवच्या पुढची. तिला मी थोरलीची मुलगी म्हणून सांगितलं.

"ठकूची व्हय तू?" ती म्हणाली. "ठकूच म्हणायचो. पाळण्यातलं नाव न्हाई म्हायती. तिच्या आईच्या कानाशी तोफ उडवली तरी वळायची न्हाई."

"जन्मापासनं?"

"न्हाई गं. चांगली गात हुती जात्यावर. छातीचा रोग झाला. सरकारी दवाखान्यात सुया दिल्या, तीन म्हयनं, रोज एक. रोग गेला आन् कान बी गेलं. ठकूच्या मावशीचं बी तसंच. आमी म्हणायचो, ह्या घरच्या बायकांच्या कानाला सुईची दृष्ट हाय."

सत्तर वर्षांपूर्वी एका अडाणी गल्लीला जे कळलं होतं ते तुमच्या यंत्राला कळलं नाही.

परत आले आणि आईला सगळं सांगितलं. तोवर मी तिला सांगितलं नव्हतं. बाहेरच्या वाऱ्यानं झालं म्हणून ती शशिकांतच्या कानात तेल घालत होती, रोज सकाळी, आठ महिने. तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ पदराला गाठ मारली आणि सोडली.

"म्हंजे मी 'माझीच' म्हणलं, त्यानं."

"तुझ्यामुळं नव्हं, आई. मी पण गप बसले."

"तू गप बसलीस. मी बोलले."

मी खोटंही बोलू शकले असते. सुचलं नाही.

तिनं विचारलं, "आता काय लिहून द्यायचं?"

तहसीलच्या आवारात टायपिंगवाल्यासमोर आम्ही तिघं बसलो. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्यानं वाचून दाखवला. मी यमुना सदाशिव मगदूम, वय सत्तर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की वनिता व शशिकांत ही माझी मुले नाहीत.

आई म्हणाली, "पोटची घाल."

"काय?"

"पोटची मुलं न्हाईत, असं घाल. नुसतं न्हाईत म्हणू नगंस."

टायपिंगवाल्यानं घातलं. मग विचारलं, "विवाहापूर्वीचं नाव?"

आई माझ्याकडं बघायला लागली. जणू मला माहीत असणार. मग म्हणाली, "गोदा. गोदावरी. लई दिवसांनी म्हणलं." आणि जराशी हसली. शशिकांतच्या फोनवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. त्यानं ते वाचलं, आईकडं पाहिलं आणि मोठ्यानं, नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाला, "गोदाबाई, च्या घेणार का?" त्याला आता आवाजाचा अंदाज राहिलेला नाही. आवारातली सगळी माणसं वळली. आईनं अंगठा उठवला. सही येते तिला, पण सही यमुना म्हणून येते. त्या कागदावर तिला यमुना लिहायचं नव्हतं.

तुमचं उत्तर सव्वीस दिवसांनी आलं. प्रतिज्ञापत्र हा जैविक पुरावा नाही. जैविक आईचा नमुना सादर करावा.

माझी आई २००१ साली जाळली. नदीच्या कडेला. त्या नदीला आता पाणी नाही. नमुना कुठनं आणू ते तुम्ही लिहिलं नव्हतं.

आता नऊ फेब्रुवारी.

सहा तारखेला अन्वी बाळंत झाली. मुलगी. वजन अडीच किलो, रडली चांगली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळानं दूध ओढायचं सोडलं. अंग गरम, मग गार. डॉक्टर तांबोळी मॅडमनी रक्त घेतलं. वयानं लहान आहेत, पण हात हुशार आहे त्यांचा. म्हणाल्या, "सिस्टर, जंतू रक्तात गेलेत. आत्ता औषध पाहिजे. आत्ता म्हणजे या तासात."

बाळाचं कार्ड जन्मल्या जन्मल्या येतं. आईवरून येतं. हिरवं होतं. लावलं, पहिला कप्पा उघडला. आत जेंटा.

मी म्हणाले, "मॅडम, हे मी टोचणार नाही."

त्यांना माझी सगळी हकीकत माहीत होती. त्यांनी तुमच्या मातृसूत्र कक्षाला फोन लावला, माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवला.

"रुग्णाचं कार्ड?"

"हिरवं. पण आजीच्या आईची नोंद चुकलीय, दुरुस्तीचा अर्ज अजून अडकून आहे. मला राखीव कप्पा उघडून द्या."

"विनंती नोंदवली. चोवीस तासांत निर्णय कळवू."

"बाळ तीन दिवसांचं आहे."

"हो मॅडम. नोंदवलंय ते."

फोन बंद झाला. राखीव औषध बाजारात मिळत नाही, हे तुम्हीच बघितलंय. जिल्ह्याचं हॉस्पिटल अडीच तासांवर, तिथंही हेच कपाट, हेच कार्ड. औषध नाही दिलं तर बाळ जाणार. पहिल्या कप्प्यातलं दिलं तर बाळ जगेल आणि तिचे कान जातील. आणि ती मुलगी आहे. पुढं तिची मुलं असतील.

अन्वी खाटेवर उठून बसली होती. माझ्या हातातल्या रिकाम्या सिरिंजकडं बघून म्हणाली, "आई, तू मामाला जे दिलंस, तेच हे?"

"हो."

"मग?"

एवढंच. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शशिकांत बाहेर बाकावर बसला होता, डबा घेऊन आलेला. मी त्याच्या फोनमध्ये बोलले. राखीव कप्पा उघडायचाय. येतं का? त्यानं वाचलं. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, तोच, लांब. अजून खिशात बाळगतो, कशाला ते मी विचारलेलं नाही. आत आला, कपाटाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बिजागरीला बोट लावलं.

"मोटरीपेक्षा सोपं हाय," म्हणाला.

पहिला स्क्रू फिरला आणि भोंगा सुरू झाला. तुम्ही बसवलेला भोंगा. सबंध दवाखान्यात, आवारात, बाहेर एस.टी.च्या थांब्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. बायका कानांवर हात ठेवून वॉर्डाबाहेर पळाल्या. वॉचमन धावत आला आणि दारात थबकला. तांबोळी मॅडम मला काहीतरी सांगत होत्या, ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. त्या सगळ्या गोंधळात एकटा शशिकांत शांत होता. त्याला भोंगा ऐकू येत नव्हता. त्यानं घाई केली नाही. एक एक स्क्रू काढून टेबलावर ओळीनं लावला, खाडकन् काही तोडलं नाही, वाकवलं नाही. चार मिनिटं लागली. तुमच्या नोटिशीत 'फोडला' असा शब्द आहे. तो दुरुस्त करा. कप्पा उघडला. त्याचे आठही स्क्रू जागेवर परत बसवून दिलेत.

मी सात कुप्या घेतल्या. वहीत लिहिल्या, वेळ लिहिली, सही केली. मॅडमनी मात्रा सांगितली, मी टोचलं. त्यांनी मला परवानगी दिली नव्हती, त्यांच्या माथी हे मारू नका. त्यांनी फक्त बाळाचा पाय धरला.

बाळ जगलं. सहाव्या दिवशी दूध ओढायला लागलं. मला निलंबित केलंत, शशिकांतवर गुन्हा घातलात. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं त्याला तीन वेळा तोंडी प्रश्न विचारला आणि लिहिलं, 'आरोपी सहकार्य करत नाही'.

परवा बाळ सहा आठवड्यांचं झालं. पाहुणे नव्हते, आम्हीच होतो. बाळ चटईवर पडलेलं, जागं. आई स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट घेऊन आली, बाळाच्या मागं उभी राहिली आणि ताट हातातून सोडलं. मुद्दाम. बाळ दचकलं, दोन्ही हात वर फेकले आणि रडायला लागलं.

कुणी हसलं नाही. आईनं ताट उचललं, पुन्हा सोडलं. बाळ पुन्हा दचकलं. तिसऱ्यांदा सोडायला गेली तेव्हा अन्वीनं तिचा हात धरला. शशिकांत कोपऱ्यात बसून ताटाकडं बघत नव्हता, बाळाकडंही नाही. आमच्या तोंडांकडं बघत होता, काय झालं ते कळायला. मी मान हलवली. मोटरीच्या दिवशी हलवली होती तशीच. चालू.

तो उठून बाहेर गेला.

बाळाचं नाव गोदावरी ठेवलंय. रक्ताचा काही संबंध नाही, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. तुमच्या सूत्रात भरताना ते लक्षात ठेवा. ठकूचं खरं नाव अजून सापडलेलं नाही.

नोटिशीच्या शेवटी लिहिलंय, मुदतीत खुलासा न आल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल. माझा खुलासा हा. आता मी विचारते. एक बायको गेली, दुसरी आली, आणि दोघींना एकच नाव देऊन एकाच ओळीत बसवलं, अशी घरं तुमच्या सूत्रात किती आहेत? तुम्ही मोजलीत का? आमच्या एका तालुक्यात मी सायकलवर फिरून बेचाळीस काढलीत, यादी सोबत जोडलीय. त्या घरांतली हिरवी कार्डं कपाटाला अजून लागतायत. आज सकाळी त्यांतली किती लागली? टोचणाऱ्या सिस्टरला ते माहीत होतं का?

मला सात दिवस दिले होतेत. तुम्हालाही सात दिवस. उत्तर लेखी पाहिजे. तोंडी दिलेलं माझ्या भावाला ऐकू येणार नाही.